इंग्रजीच्या तासातून दुर्योधनाकडे



मराठी शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी बेंगळुरू हे आज नोकरीचे शहर आहे. मुलगा वा मुलगी तेथे संगणकाच्या कंपनीत लागली की घरोघरी पेढे वाटले जातात. तीच मुलगी 'महाविद्यालयात साहित्य घेते' म्हणाली, तर 'पुढे काय?' हा प्रश्न जेवणाच्या पानाशी येऊन बसतो. प्रश्न रास्त आहे. पोटाचा प्रश्न नेहमीच रास्त असतो. मात्र त्याचे उत्तर देण्यापूर्वी त्याच शहरातील एका प्राध्यापकाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

म्हैसूर बँक चौकाजवळ सेंट्रल कॉलेजची जुनी वास्तू उभी आहे. १८५८ साली शाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था पुढे महाविद्यालय झाली. सर सी. व्ही. रामन यांनी १६ मार्च १९२८ रोजी आपल्या शोधाविषयीचे व्याख्यान येथेच दिले, तेव्हा विज्ञानाच्या बाजूने उभे राहणाऱ्या पालकांनाही ही वास्तू परकी वाटू नये. याच महाविद्यालयात, आणि त्यापूर्वी बरीच वर्षे म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात, बी. एम. श्रीकंठय्य इंग्रजी साहित्य शिकवीत असत. कन्नड माणूस त्यांना आदराने 'बी. एम. श्री' म्हणतो.

इंग्रजीचा हा प्राध्यापक आपल्या भाषेसाठी झटत राहिला. १९११ साली धारवाडात त्यांनी कन्नडच्या उत्कर्षाविषयी व्याख्यान दिले, आणि १९२६ साली 'इंग्लिश गीतगळु' हा त्यांचा अनुवादित कवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला. मराठीत यमक ओळीच्या शेवटी येते. जुन्या कन्नड काव्यात मात्र प्रत्येक ओळीतील दुसरे व्यंजन सारखे असावे, असा दंडक होता. इंग्रजी कविता कन्नडात आणताना हे बंधन सैल करावे लागले, नवी लय शोधावी लागली. परक्या कवितेला न्याय देण्याच्या खटपटीत स्वतःच्या भाषेची ताकद हाताला लागली. नव्या कन्नड कवितेची वाट या लहानशा पुस्तकाने रुंद केली.

याहून मोलाची गोष्ट पुढची आहे. दहाव्या शतकातील कवी रन्न हा मुधोळचा. घोरपड्यांच्या संस्थानामुळे हे नाव मराठी माणसाला ओळखीचे आहे. रन्नाने 'गदायुद्ध' रचले ते आश्रयदात्या चालुक्य राजाची भीमाशी तुलना करून त्याचा गौरव करण्यासाठी. पण त्या काव्यातील दुर्योधन रणांगणावर आपल्या माणसांची प्रेते ओलांडीत चालतो, कर्णासाठी शोक करतो, आणि शत्रूचा पुत्र अभिमन्यू याच्या देहापुढे थांबून त्याच्या शौर्याला मान देतो. ग्रीक आणि इंग्रजी शोकांतिका मुरलेल्या बी. एम. श्रींनी या काव्यातून 'गदायुद्ध नाटकम्' घडवले, आणि त्यात दुर्योधन शोकांतिकेचा नायक म्हणून उभा राहिला. पुढे १९२९ साली सोफोक्लीझच्या 'एजॅक्स'वरून त्यांनी 'अश्वत्थामन्' लिहिले. लहानपणापासून ज्यांना खल म्हणून ओळखले, त्यांच्या दुःखाकडे डोळे उघडून पाहणे हे साहित्याच्या तासाचे खरे शिक्षण. दुर्योधनाचा अपराध त्यामुळे रतिभरही कमी होत नाही. न्याय करणाऱ्याची घाई तेवढी कमी होते.

तासाला घडते ते वरवर पाहता अगदी साधे असते. कविता मोठ्याने वाचली जाते. हे कोण बोलत आहे, कोणाला उद्देशून बोलत आहे, आणि जे बोलायचे टाळले ते काय, असे विचारले जाते. 'मला असे वाटते' म्हणणाऱ्याला शिक्षक विचारतात, 'कोणत्या शब्दावरून?' या एका प्रश्नाची सवय लागलेला तरुण पुढे करारपत्र वाचो, रोग्याची हकिगत ऐको की वरिष्ठांचे पत्र, शब्दामागचा माणूस तो सहसा हरवू देत नाही. अर्थात गाइडातील तयार उत्तरे पाठ करवून घेणाऱ्या तासाला हे श्रेय देता येणार नाही, आणि असे तास आपल्याकडे थोडे नाहीत.

सेंट्रल कॉलेजातच ए. आर. कृष्णशास्त्री कन्नड शिकवीत असत. त्यांच्या पुढाकाराने तेथे कर्नाटक संघ उभा राहिला आणि १९१९च्या सुमारास 'प्रबुद्ध कर्नाटक' हे नियतकालिक निघू लागले. पुढे ते म्हैसूर विद्यापीठाने चालवले. वर्गातील चर्चा वर्गाबाहेर पडून छापखान्यापर्यंत पोहोचली ती अशी.

मराठी मुलखालाही हे नवीन नाही. गोपाळ गणेश आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळकांबरोबर त्यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. खटल्याने घेरलेल्या, पैशाने रिकाम्या अशा त्या तरुण शिक्षकाने कोठडीत हाती घेतले ते शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे मराठी रूपांतर. कृती करण्यापूर्वी स्वतःलाच पुनःपुन्हा प्रश्न विचारणारा राजपुत्र त्याला त्या भिंतींआड सोबतीला हवासा वाटला असावा. सुटकेनंतर, १८८३ साली, ते रूपांतर 'विकारविलसित' या नावाने मराठी वाचकांच्या हाती आले.