न उभारलेले वीजकेंद्र
(वर्धापनोत्सवातील भाषण)



सरकारी अधिकाऱ्याचे चरित्र हा देवालयाच्या सभामंडपात बोलण्याचा विषय नव्हे, असे कोणास वाटेल. परंतु ज्याची हयात फायलींत गेली अशा मज कारकुनास कॅलिफोर्निया राज्याचे ऊर्जा आयुक्त आर्थर रोझनफेल्ड यांचे कार्य बोधप्रद वाटते.

रोझनफेल्ड (१९२६-२०१७) हे मूळचे पदार्थवैज्ञानिक, थोर शास्त्रज्ञ फेर्मी यांचे शिष्य. १९७३ साली अमेरिकेत तेलटंचाई उद्भवली. त्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी बर्कली येथील कार्यालयातून निघताना त्यांनी आपल्या मजल्यावरील वीस खोल्यांचे दिवे मालविण्याचे ठरविले. पण बटणे सापडेनात! ती कपाटांच्या व पुस्तकांच्या आड दडलेली होती. तेव्हापासून विजेची बचत हेच त्यांचे शास्त्र झाले.

राज्याचा ऊर्जा आयोग १९७४ च्या कायद्याने निर्माण झाला. फ्रिज किती वीज खातो यावर मर्यादा घातल्यास सनडेझर्ट हे नियोजित अणुवीजकेंद्र अनावश्यक ठरेल, असे रोझनफेल्ड यांनी गव्हर्नर जेरी ब्राऊन यांस हिशेबाने पटविले. नियम झाले. अणुकचऱ्याचा प्रश्नही आडवा आला आणि १९७८ साली ते केंद्र रद्द झाले. पुढे देशभर असे नियम लागू झाले. २००१ नंतरचा नवा फ्रिज, आकाराने मोठा असूनही, १९७० च्या दशकातील फ्रिजच्या सुमारे चतुर्थांश विजेवर चालू लागला.

सत्तरी ओलांडल्यावर, २००० साली, ते स्वतः आयुक्त झाले व २०१० पर्यंत त्या पदावर राहिले. त्या राज्यातील दरडोई वीजवापर १९७० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ स्थिर राहिला. यात सौम्य हवामानाचा व उद्योगांच्या स्वरूपाचा वाटा होता. तथापि नियमांचा वाटाही थोडा नव्हता. आपल्याकडेही २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला व २००६ पासून फ्रिजवर तारांकित पट्टी दिसू लागली.

बंधुहो, दीपमाळ वा अग्रशाळा बांधणाऱ्याचे नाव आपण संगमरवरावर कोरतो, आणि ते योग्यच आहे. न उभारलेल्या केंद्रास मात्र कोनशिला नसते. त्यामागे असतो तो केवळ चोख हिशेब आणि नियमाची एक ओळ. म्हणून माझी नम्र सूचना आहे की, यंदाच्या ठरावात काय बांधावयाचे याबरोबरच कोणता खर्च टाळावयाचा, हेही लिहिले जावे. आणि तो हिशेब मांडणाऱ्याचे नाव इतिवृत्तात यावे.