स्वागताध्यक्षांचे भाषण : सूक्ष्मतरंग आणि नियंत्रित रसायनक्रिया



सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने घडवावयाच्या नियंत्रित रसायनक्रियांचा ऊहापोह करण्यासाठी भरलेल्या या परिषदेच्या स्वागतसमितीच्या वतीने, आणि ज्या गावाने आपल्या आदरातिथ्याचा भार आनंदाने उचलला त्या मुळशी तालुक्यातील नांदे गावाच्या वतीने, मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. निवासाच्या बंदोबस्तात महानगराचा डौल आपणांस आढळणार नाही. परंतु पानात वाढला जाणारा भात मुळशीच्या आंबेमोहोराचा असेल, एवढी ग्वाही मी देऊ शकतो. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते जिचे उद्घाटन झाले ती राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा येथून फार दूर नाही, आणि दुसऱ्या अंगाला पिरंगुटचे कारखाने आहेत. तेव्हा प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्या मध्ये वसलेल्या या गावी ही परिषद भरावी, यात औचित्य आहे.

ऊर्जेचा प्रश्न या तालुक्याला परका नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह मांडला, तरी धरण झाले, गावे आणि खाचरे पाण्याखाली गेली, आणि मुळशीचे पाणी घाट उतरून भिरा येथे वीज निर्माण करू लागले, ती वीज मुंबईकडे गेली. ऊर्जा किती निर्माण झाली या प्रश्नाइतकाच ती कोठे पोचली आणि तिचा हिशेब कोणी ठेवला हा प्रश्न महत्त्वाचा असतो, हे या मुलखाला ग्रंथांतून शिकावे लागले नाही. आपल्या विषयाकडेही मी याच दृष्टीने पाहतो.

माझी उमेदीची सारी वर्षे रासायनिक कारखान्यात गेली. तेथे बॉयलरमध्ये निर्माण झालेली वाफ नळांवाटे भांड्याच्या जॅकेटमध्ये यायची, जॅकेटमधून उष्णता भांड्याच्या भिंतीत आणि भिंतीतून द्रवात शिरायची. या प्रवासात पुष्कळशी उष्णता वाटेतच खर्ची पडे, आणि भिंतीलगतचा माल करपण्याच्या बेतात असताना मधला भाग अद्याप कोमटच राही. सूक्ष्मतरंगांची रीत निराळी आहे. काच आणि टेफ्लॉन यांना फारसा स्पर्श न करता ते थेट द्रवापर्यंत जातात. द्रवातील ध्रुवीय रेणू सतत दिशा पालटणाऱ्या विद्युत्क्षेत्राच्या मागे फिरू पाहतात, आयन मागेपुढे खेचले जातात, आणि या धडपडीतून उष्णता खुद्द द्रवातच उत्पन्न होते. २४५० मेगाहर्ट्झ हा यंत्रांत रूढ असलेला वारंवारतांक पाण्याच्या रेणूशी खास जुळवून निवडला आहे, ही समजूत मात्र निराधार आहे. तरंगऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करण्याची पात्रता द्रवागणिक बदलते : या वारंवारतेस तिचा अंक एथिलीन ग्लायकॉलच्या बाबतीत १.३५, एथेनॉलच्या बाबतीत ०.९४, पाण्याच्या बाबतीत ०.१२, तर हेक्झेनच्या बाबतीत अवघा ०.०२ आहे. द्रावकाची निवड हाच येथे नियंत्रणाचा पहिला हुकूम होय.

या तरंगांच्या अंगी रासायनिक बंध तोडण्याचे सामर्थ्य नाही. त्यांच्या फोटॉनांची ऊर्जा एका मोलमागे सुमारे एक ज्यूल भरते, आणि कार्बन-कार्बन बंध तोडण्यास त्याच मापाने साडेतीन लाख ज्यूलच्या आसपास लागतात. मग तासांची क्रिया मिनिटांत कशी उरकते? उत्तर जुन्याच शास्त्रात आहे. दर दहा अंशांस वेग दुप्पट होतो हा स्थूल नियम धरला, तर ८० अंशांस आठ तास घेणारी क्रिया १६० अंशांस दोन मिनिटांत पुरी व्हावी. बंद भांड्यात, दाबाखाली, द्रावकाला त्याच्या उत्कलनबिंदूच्या वर त्वरेने नेणे एवढेच कार्य सूक्ष्मतरंग करतात, परंतु ते विलक्षण कौशल्याने करतात.

१९८६ साली कॅनडात गेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्याच वर्षी अमेरिकेत गिगेर आणि मेजेटिच यांनी, स्वयंपाकघरातील साध्या ओव्हनमध्ये कार्बनी रसायनक्रिया घडवून दाखविल्या. बंद भांडी फुटण्याचे प्रसंगही तेव्हा ओढवले. न्यू जर्सीत अध्यापन करणारे अजयकुमार बोस यांनी पुढे उघड्या भांड्यांत, उंच उत्कलनबिंदूच्या द्रावकांत, सुरक्षित काम कसे करावे याचा पाठ घालून दिला. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका विभागातून १९८४ साली मुंबईत ‘समीर’ ही सूक्ष्मतरंगांना वाहिलेली संस्था उभी राहिली. आणि मुंबईच्याच रसायन तंत्रज्ञान संस्थेत, कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले प्राध्यापक गणपती यादव यांनी आपल्या सहकाऱ्यासह लायपेज या नाजूक विकराला सूक्ष्मतरंगांच्या सान्निध्यात काम करावयास लावले, आणि तापमान तेच राखूनही क्रियेचा वेग वाढल्याची नोंद २००४ साली प्रसिद्ध केली.

येथेच वादाचे बीज आहे. सूक्ष्मतरंगांचा उष्णतेखेरीज आणखी काही परिणाम होतो काय? ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑलिव्हर काप्पे यांच्या गटाने सिलिकॉन कार्बाइडच्या कुप्या वापरल्या. त्या कुपीची भिंत जवळजवळ सारे तरंग स्वतःच शोषून घेते, म्हणून आतील द्रव तितक्याच त्वरेने तापला तरी त्याला तरंगांचा स्पर्श होत नाही. पारखून पाहिलेल्या बहुतेक सर्व क्रियांचे फळ काचेच्या कुपीतल्यासारखेच आले, म्हणजे त्यांत करामत उष्णतेचीच होती. विकरांच्या बाबतीत दोन्ही पक्षांची कैफियत ऐकण्यास याहून योग्य सभा मिळणार नाही.

निकाल कोणताही लागो, तो तापमापकावर अवलंबून राहील. साध्या घरगुती ओव्हनमधील ‘निम्मी शक्ती’ म्हणजे पूर्ण शक्तीचेच आळीपाळीने चालू-बंद होणे असते. सुमारे १२ सेंटिमीटर लांबीच्या त्या तरंगांनी पोकळीत स्थिर तरंग निर्माण केले की एक जागा तापते आणि तिच्यापासून तीन सेंटिमीटरवरची तशीच राहते. भांड्याबाहेरून अवरक्त किरणांनी घेतलेला अंक आणि आत बुडविलेल्या प्रकाशतंतूने दिलेला अंक यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. म्हणून स्वागतसमितीची प्रतिनिधींना एक नम्र दरखास्त आहे : निबंधात ‘नऊशे वॅट, दोन मिनिटे’ एवढ्यावर न थांबता द्रवाचे आकारमान, दाब, ढवळण्याची रीत आणि तापमान कोठे व कशाने मोजले याचा तपशील द्यावा, म्हणजे पिरंगुटच्या कारखान्यातील रसायनज्ञालाही त्या प्रयोगाची रुजुवात करता येईल. तरंग पाण्यात काही सेंटिमीटरच शिरतात, म्हणून मोठ्या भांड्याऐवजी अखंड वाहत्या नळीचा मार्ग त्याला धरावा लागणार आहे, आणि त्या मार्गावर त्याला आपल्या नोंदींखेरीज दुसरा आधार नाही.

आपल्या वास्तव्यात काही उणे पडल्यास समितीच्या कार्यकर्त्यांस निःसंकोच सांगावे. आता अध्यक्षमहाशयांनी आसन स्वीकारून परिषदेच्या कामकाजास प्रारंभ करावा, अशी मी त्यांना सादर विनंती करतो.