रक्षण हा शब्द जपून वापरू या



लखनौत मराठी माणूस व्यासपीठावर उभा राहिला की 1926 साली इथे संगीत महाविद्यालय उभं करणाऱ्या भातखंड्यांचं नाव निघतंच. आज मला आणखी एक मराठी नाव घ्यायचं आहे, इथल्या संजय गांधी वैद्यकीय संस्थेत (एसजीपीजीआय) काम केलेले मदन गोडबोले. गोंडा, देवरिया, गोरखपूर हा तराईचा पट्टा. पुराचं पाणी वर्षानुवर्षं इथल्या मातीतलं आयोडीन धुऊन नेत आलं. संशोधक कोचुपिल्लई, पांडव, गोडबोले आणि सहकाऱ्यांनी इथल्या नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं आणि 1986 साली दाखवून दिलं, की गळ्यावर दिसणाऱ्या गाठीपेक्षा मोठा धोका बाळाच्या मेंदूला आहे. आयोडीनयुक्त मिठाने तो थोपवता आला. आहारातल्या एका घटकाने इतकं मोठं काम केल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

म्हणूनच परवा ओपीडीत आलेल्या एका तरुण मुलीने मला अस्वस्थ केलं. तिला हाशिमोटोचा आजार आहे, म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणाच थायरॉइडवर उलटली आहे. तिने पिशवी टेबलावर रिकामी केली: सेलेनियमच्या कॅप्सूल, ब्राझील नटचं पाकीट, गुलाबी सैंधव. थायरॉक्सिनची गोळी तेवढी त्यात नव्हती. ‘आयोडीन आजाराला खतपाणी घालतं’ असं कुणीतरी सांगितल्यामुळे घरातलं साधं आयोडीनयुक्त मीठही बंद. आणि ती आई होण्याच्या विचारात होती.

तिला मिळालेल्या सल्ल्यात सत्याचा अंश आहे, हीच अडचण आहे. डेन्मार्कने 1998 नंतर फार बेताने मिठात आयोडीन घातलं, तरी तिथे थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण काहीसं वाढलं. अति आयोडीन वाईटच. पण गरोदर बाईला रोज 250 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, आणि सैंधवात ते बहुधा नगण्य असतं. थायरॉइडला सेलेनियम लागतं हेही खरं. 2002 साली जर्मनीतल्या चाचणीत सेलेनियमने अँटीबॉडी घटल्या. मात्र अँटीबॉडीचा आकडा उतरला म्हणून रुग्णाची गोळी सुटते, असं पुढच्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. आणि जास्त सेलेनियम काय करतं ते पंजाबात नवांशहर-होशियारपूरच्या काही गावांत जाऊन पाहावं. तिथल्या मातीतच ते जादा आहे. माणसांचे केस गळतात, नखं ठिसूळ होऊन झडतात.



त्या मुलीचं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, मात्र तळाला गेलं होतं. थायरॉइडचं संप्रेरक घडवणाऱ्या पेरॉक्सिडेज एन्झाइमच्या गाभ्यातच लोह असतं, आणि आपल्या ओपीडीत लोह कमी नसलेली बाई विरळाच. तिच्या आहारात खरोखर दुरुस्त करण्यासारखं काही होतं तर ते हे. तिच्या पिशवीतल्या एकाही वस्तूचा त्याच्याशी संबंध नव्हता.

इथे जमलेल्या आहारतज्ज्ञ मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. कमतरता भरून काढणं वेगळं आणि आजारापासून रक्षण करणं वेगळं. रक्षणाचा पुरावा हाती येईपर्यंत ‘हे खा, थायरॉइड सुरक्षित राहील’ हे वाक्य आपल्या तक्त्यांवर छापू नका. त्याऐवजी विचारा: मिठाची बरणी शेगडीजवळ उघडी असते का? गोळी रिकाम्या पोटी घेता ना, आणि चहा किती वेळाने? लोहाची गोळी थायरॉक्सिननंतर चार तासांनी घेता का?

ती मुलगी सहा आठवड्यांनी परत येणार आहे. गोळी पुन्हा सुरू केली आहे, साधं मीठ स्वयंपाकघरात परत आलं आहे. सैंधव एकादशीपुरतं ठेवू का, असं जाताना तिने विचारलं. खुशाल ठेव, म्हटलं.