सास्तूरची झोपडी

आजच्या आनंदाच्या दिवशीं मीं दुःखाची एक गोष्ट काढावी, हें कोणास अप्रशस्त वाटेल. परंतु महोत्सव म्हणजे मागें वळून पाहण्याचा दिवस. आणि मागें पाहतांना धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूर हें गांव मला टाळतां येत नाहीं.

दिनांक ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती; गणपतीचें विसर्जन करून लोक उशिरां निजले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनीं धरणी हादरली, आणि किल्लारी, सास्तूर व भोंवतालचीं गांवें क्षणांत ढिगारे होऊन पडलीं. दहा हजारांच्या आसपास माणसें गेलीं. भूकंपाचें भय सर्वांत कमी असलेल्या पट्ट्यांत हा मुलूख तोंवर गणला जात होता!

त्या मुलखांत माळवदाचें घर ही प्रतिष्ठेची खूण. मातींत रचलेल्या काळ्या दगडांच्या जाड भिंती आणि लांकडी तुळयांवर मातीचा जड थर. उन्हाळ्यांत असें घर थंडगार. पाहणारास तें गढीसारखें भक्कम भासे. ज्याची ऐपत नसे तो कुडाच्या भिंतींवर गवताचें छप्पर घाली, आणि दर पावसाळ्यांत गळत्या छपराकडे पाहून आपल्या दैवास बोल लावी.

त्या पहाटेस सारें उलटें झालें. भिंतींच्या दोन बाजूंस एकमेकींशीं जखडणारें कांहींच नव्हतें. त्या फाटून विलग झाल्या, आणि दगडमातीचें ओझें निजलेल्यांवर आलें. हलकें छप्पर मात्र डोललें, कललें. क्वचित् पडलें तरी त्याखालून माणूस अंग झटकून उठूं शकला. जी झोपडी काल लाजेचें कारण होती, तिनेंच लेंकरें राखलीं. जवळच्या मंगरूळ गांवीं तर दीड वर्षाची एक मुलगी सुमारें पांच दिवसांनीं ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली. एका लोखंडी खाटेनें तिच्यावरचा भार झेलला होता.

तथापि येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. वांचलेला अधिक पुण्यवान् आणि गेलेला अधिक पापी, असें आपण म्हणूं नये. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक अपराधी होतीं काय, असा प्रश्न प्रभूनेंच केला होता. झोपडींतील मनुष्य वांचला तो आपल्या गुणानें नव्हे. म्हणूनच त्या भाग्याबरोबर त्याच्यावर एक ऋण आलें, आणि झोपडीवाल्यांतील कित्येकांनीं तें उजाडण्यापूर्वींच फेडूं लागावें, ह्याहून स्वाभाविक तें काय? शेजाऱ्याच्या वाड्याचे दगड उपसावयास हात तेच जवळ होते.

पुढें दुसरी निराशा आली. सास्तूरसारखीं ५२ गांवें नव्या जागीं पुन्हां वसविण्यांत आलीं. परंतु ज्यांचीं घरें नुसतीं तडकलीं होतीं, त्यांच्या वांट्यास केवळ दुरुस्तीचें अनुदान आलें. नवें घर नाहीं, म्हणून ते खट्टू झाले. पण दुरुस्ती आपणच करवून घ्यावयाची असल्यामुळें त्यांस बांधकाम समजून घ्यावें लागलें. गांवोगांवीं स्त्रियांस ‘संवाद सहायक’ नेमण्यांत आलें. ज्यांनीं पूर्वीं चारचौघांत तोंड उघडलें नव्हतें, त्या गवंड्यास प्रश्न विचारूं लागल्या, अनुदानाचा हिशेब मागूं लागल्या. आणि घरें उभीं राहिल्यावरही त्यांच्या बैठका मोडल्या नाहींत, त्यांतून बचतगट उभे राहिले. नव्या घराची किल्ली ज्यांस मिळाली नाहीं, त्यांस ही दुसरी किल्ली मिळाली.

त्या दुरुस्तींत एक साधी युक्ति शिकविली जात असे. भिंतीच्या ह्या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आरपार पोंचणारा लांब दगड ठराविक अंतरावर बसवावयाचा. तो दिसावयास कांहीं विशेष नसतो. पण धक्का बसला तर दोन्ही बाजूंस तोच धरून ठेवतो.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकीं कोणास आज आपलें छप्पर हलकें वाटत असेल, कोणाचें नांव एखाद्या यादींत आलें नसेल. त्याचें दुःख खोटें आहे असें मी म्हणणार नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, जें मिळालें नाहीं त्याचा हिशेब लिहितांना एक ओळ कोरी ठेवावी. सास्तूरच्या माणसांस ती ओळ एका पहाटेंत भरून मिळाली. आपणांस ती केव्हां भरून मिळेल, हें ठाऊक नाहीं. तोंवर शेजाऱ्याच्या भिंतींत आरपार पोंचणारा एखादा दगड होऊन राहणें आपल्या हातीं आहे.