सापळ्याला डोळे नसतात

चेन्नई शहराच्या दक्षिणेस शोळिंगनल्लूर नावाचे एक उपनगर आहे. त्याच्या पूर्वेस बकिंगहॅम कालवा आणि कालव्यापलीकडे समुद्र; वायव्येस पळ्ळिकरणैची प्रसिद्ध पाणथळ; आणि मधोमध संगणक कंपन्यांच्या काचेच्या उंच इमारती. सेवानिवृत्तीनंतर मी मुलाकडे तेथे राहावयास गेलो. आमच्या इमारतीला लागूनच एक जुने कौलारू घर आहे. त्या घरच्या वृद्ध यजमानांनी परसात पाच-सहा कोंबड्या पाळल्या आहेत. एके रात्री त्यांतील दोन कोंबड्या नाहीशा झाल्या. सकाळी कौलांवर विष्ठा दिसली, तीत फळांच्या बिया होत्या, आणि चोर कोण ते उमगले. त्या प्राण्याला तमिळ लोक मरनाय, म्हणजे झाडावरचा कुत्रा म्हणतात. आपण त्याला उदमांजर म्हणतो. आणि प्राणिशास्त्र सांगते की, तो कुत्राही नव्हे व मांजरही नव्हे.

यजमानांनी माळ्यावरून एक वस्तू खाली काढली व ती माझ्यापुढे ठेवून विचारले, “आपण शेतकऱ्याचे चिरंजीव. हा चाप या कामाला बेताचा आहे, की याहून लहान हवा?” ती वस्तू म्हणजे जनावराचा पाय पकडणारा लोखंडी सापळा होता. गंजलेला, पण स्प्रिंग अजून शाबूत असलेला.

तो पाहताच मला साठाहून अधिक वर्षांपूर्वीची एक पहाट आठवली. आमचे गाव अमरावती जिल्ह्यातले. रानमांजर कोंबड्या नेते म्हणून वडिलांनी लोहाराकडून असाच एक चाप घडवून घेतला होता. तो लावताना मी कंदील धरून उभा होतो. पहाटे आरडाओरडा ऐकून आम्ही धावत गेलो, तो चापात रानमांजर नव्हते. आमचा मोत्या होता. ज्याने रात्रभर जागून घर राखावयाचे, त्याचाच पुढचा पाय लोखंडाच्या दातांत अडकला होता. पुढे तो जगला, परंतु तीन पायांवर. वडील कठोर स्वभावाचे नव्हते. त्यांनी त्यानंतर तो चाप कधी लावला नाही, आणि त्याविषयी ते कधी बोललेही नाहीत.

यजमानांच्या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिले नाही. सापळा निवडावयाचा म्हणजे नेमके काय निवडावयाचे, हे आधी समजून घ्यावे असे मला वाटले. या विद्येचे माहेर उत्तर अमेरिका. तेथे बॉबकॅट नावाचे, आपल्या घरच्या मांजराच्या दुप्पट-तिप्पट आकाराचे, आखूड शेपटीचे रानमांजर आहे. त्याच्या ठिपकेदार कातड्याला किंमत येते म्हणून ते पकडले जाते. न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा येथे सूअल न्यूहाउस नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकात असे चाप घडविले, आणि तेथील एका धार्मिक वसाहतीने ते कारखान्यात काढून त्यांवर आपला चरितार्थ चालविला. त्याच वसाहतीतून पुढे जेवणाच्या मेजावरचे काटे-चमचे करणारा प्रसिद्ध कारखाना उभा राहिला.

तेथील जाणता फासेकरी चाप कसा निवडतो, ते ऐकण्यासारखे आहे. जबडे उघडल्यावर त्यांमधील अंतर पाच-सहा इंच असावे. ते त्याहून कमी असले, तर केवळ बोटे चिमटली जातात. जनावर ओढाताण करते, जखमी होते व निसटते. पुरेसे असले, तर पकड पंजाच्या वर बसते. जबडे मिटल्यावरही त्यांच्यामध्ये थोडी फट राहावी, म्हणजे हाड चेपत नाही. कडा रुंद असाव्यात किंवा त्यांवर रबर असावे. मधली पत्री, जिच्यावर पाय पडताच चाप सुटतो, ती इतपत ताठ असावी की हलक्या प्राण्याच्या भाराने दबू नये. साखळी आखूड असावी आणि तिला फिरक्या असाव्यात, म्हणजे जनावराने गिरकी घेतली तरी पाय पिरगळत नाही. शिवाय मांजर नाकापेक्षा डोळ्यांवर अधिक विसंबते, म्हणून वाटेवर हलते पीस टांगावे आणि काटक्या अशा मांडाव्यात की त्याने पाऊल नेमके पत्रीवरच टाकावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोज सकाळी जाऊन पाहावे.

या सूचना मी एकामागून एक वाचल्या, तेव्हा माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. या साऱ्या सुधारणा एकाच उणिवेच्या भरपाईसाठी आहेत. लोखंडाला डोळे नाहीत. पत्रीवर पडलेला पाय बॉबकॅटचा की शेजाऱ्याच्या कुत्र्याचा, पिलांच्या आईचा की म्हाताऱ्या नराचा, हे त्याला कळत नाही. ताठ पत्री, रुंद कडा, फिरक्या ही त्या आंधळ्याला दिलेली काठी होय. काठीने ठेच चुकते. दृष्टी मात्र येत नाही. म्हणूनच ब्रिटनने १९५४ च्या कायद्याने या चापाला निरोप देण्याचे ठरविले आणि १९५८ पासून तो इंग्लंड व वेल्समध्ये बंद झाला. युरोपीय समुदायानेही १९९१ मध्ये त्याच्या बंदीचा नियम केला. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये बॉबकॅट पकडणेच थांबविले.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत फास लावणे व सापळ्यात पकडणे ही दोन्ही येतात. तरीही चाप संपलेले नाहीत. २०१२ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोब्याच्या शेजारच्या जंगलात, लोखंडी चापांत दोन वाघ सापडले. त्यांतील एक मेला.

आपण म्हणाल, दातांचा चाप क्रूर खरा, पण पिंजरा तर निरुपद्रवी? त्याचे उत्तर जुन्नरच्या उसाच्या फडांत मिळते. तेथे बिबट्यांना पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा उपक्रम २००१ मध्ये सुरू झाला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्यापूर्वी त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. त्यानंतर ती सरासरी सतरावर गेली. पिंजऱ्यात जो सापडतो तो एक बिबट्या असतो. अपराधी बिबट्या तोच असेल असे नाही. ओरखडाही न उमटविणारा पिंजराही आंधळाच असतो.

मग ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम केले, त्यांनी काय केले? आपल्या फासेपारध्यांचे नावच फाशावरून पडले. इंग्रज सरकारने १८७१ चा जो कायदा केला, त्याखाली पारध्यांसारख्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये गेला. शिक्का मात्र अद्याप पुरता पुसला गेला नाही. त्याच फासेपारध्यांविषयी माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी नोंदविले आहे की, फाशात सापडलेले हरणाचे पाडस किंवा गाभण हरिणी ते परंपरेने सोडून देत. फास जनावराला धरून ठेवी. त्याचे पुढे काय करावयाचे याचा निर्णय माणूस स्वतः जवळ उभा राहून, डोळ्यांनी पाहून घेई.

आणि शोळिंगनल्लूरहून समुद्रकाठच्या रस्त्याने महाबलिपुरमकडे जाताना वाटेत वडनेम्मेली लागते. तेथे इरुळर जमातीच्या सर्पपकड्यांची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था आहे. पूर्वी हे लोक कातड्यांसाठी साप पकडीत. कायद्याने तो धंदा बंद झाला, तेव्हा त्यांनी तीच विद्या विषासाठी वापरली. नाग, मण्यार, घोणस व फुरसे मडक्यांत काही आठवडे ठेवावयाचे, ठरावीक वेळा विष काढावयाचे, खूण म्हणून पोटाचे एक खवले कातरावयाचे आणि साप पुन्हा रानात सोडावयाचा. त्याच विषापासून सर्पदंशावरची लस तयार होते. या लोकांजवळ सापळा नाही. एक पहार, एक पिशवी आणि जमिनीवरची अस्पष्ट खूण वाचणारी नजर, एवढेच भांडवल. २०१७ मध्ये या जमातीतील मासी सडैयन व वडिवेल गोपाल यांना अजगर पकडण्यासाठी अमेरिकेतील फ्लोरिडात नेण्यात आले. जेथे इतर उपाय थकले होते तेथे त्यांनी पहिल्या दोन आठवड्यांत तेरा अजगर पकडले. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. सापळ्यांची विद्या ज्या देशात पराकोटीला गेली, त्याच देशाने सापळा न वापरणाऱ्यांना बोलावून घ्यावे, यात बोध घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आता यजमानांचा प्रश्न. मी त्यांना कायदा सांगितला आणि मोत्याची हकीकतही सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पण माझ्या कोंबड्यांचे काय?” प्रश्न रास्त होता. हानी त्यांचीच झाली होती, आणि दुसऱ्याच्या हानीवर उपदेशाचे औषध लावणे सोपे असते.

आम्ही दोघे विजेरी घेऊन खुराड्याभोवती फिरलो. कडुनिंबाची एक फांदी थेट छपरावर टेकली होती, आणि छपराखाली जाळी वीतभर उसवली होती. दुसऱ्या दिवशी फांदी छाटली, जाळी शिवली, दाराला कडी लावली. एका दुपारचे काम! त्याआधी आठवडाभर आम्ही चापाच्या मापाची चर्चा करीत होतो.

त्यानंतर कोंबडी गेली नाही. उदमांजर मात्र अजून येते. मध्यरात्री कौलांवर त्याची पावले वाजतात आणि यजमान झोपेतच कूस बदलतात. चापाची स्प्रिंग आम्ही काढून टाकली व तो भंगारात दिला. माझ्या वडिलांनी जे न बोलता केले, ते मला सांगावयास इतकी वर्षे लागली. ज्याला पकडावयाचे त्याच्याकडे स्वतः पाहण्याची आपली तयारी नसते, तेव्हा आपण सापळा निवडतो. आणि एकदा नीट पाहिले, म्हणजे पुष्कळदा सापळ्याची गरजच उरत नाही.