कानातला कापूस काढा: गोळीबाराच्या आवाजासाठी मापाचे इअरप्लग

हेडफोन लावूनच ऐकताय ना? मग आधी आवाज दोन घरं खाली घ्या. आजचा विषय कानाचाच आहे.

गेल्या महिन्यात धुळ्याच्या एका मुलाचा व्हॉइस मेसेज आला. एनसीसीत आहे, फायरिंगचा कॅम्प झाला आणि तेव्हापासून डाव्या कानात बारीक शिट्टी वाजतेय. ‘ताई, मी कापूस घातला होता, तरी असं कसं?’ मी तो मेसेज तीनदा ऐकला. कारण माझ्या पहिल्या फायरिंगला मीही कापूसच घातला होता. आपला खान्देश म्हणजे कपाशीचा मुलूख. जखमेला कापूस, दिव्याला कापूस, मग कानाला का नको? पण कापसातून हवा आरपार जाते आणि हवेबरोबर आवाजही. आपल्याला वाटतं की काहीतरी घातलंय, आणि तेवढ्या भरवशावर आपण शंभर राउंड मारून मोकळे होतो.

(त्या मुलाला मी त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं. गोळीबारानंतर शिट्टी किंवा कान बसल्यासारखं दुसऱ्या दिवशीही राहिलं, तर आठवडाभर वाट बघायची नाही. सुरुवातीचे दिवसच उपचाराचे असतात.)

आता आवाजाचा हिशेब. बंदुकीसारख्या एका झटक्याच्या आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेघ मानतात. मोठ्या माणसांसाठी. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना १२० म्हणते. एनसीसीची पॉइंट टू-टू रायफल, जिला आपण ‘छोटी’ म्हणतो, ती त्या १४० च्या आसपासच आहे. इन्सास किंवा नऊ एमएम पिस्तूल १६० च्या घरात जातं. आता १४० आणि १६० मध्ये फरक वीसचाच वाटतो, पण डेसिबलचा आकडा साधा नसतो. दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. वीस डेसिबल म्हणजे शंभर पट. आणि आतल्या कानातल्या ज्या केसासारख्या पेशी आवाज पकडतात, त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

आमचे एक मामा पोलीस दलातून रिटायर झाले. बत्तीस वर्षं नोकरी, नेमबाजीत हात चांगला. आता टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना पाठ. फोन केला की एकच वाक्य: ‘काय सांगी ऱ्हायना तू? जोरमा बोल ना!’ गंमत वाटते, पण मामी आता त्यांच्याशी फारसं बोलतच नाही, तेच तेच तीनदा सांगून दमते. तपासणीत डावा कान उजव्यापेक्षा जास्त गेलेला निघाला. उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्याचं असंच होतं. गाल दस्त्याला टेकला की डावा कान नळीच्या तोंडाकडे वळतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला येतो. धुळ्याच्या मुलाचाही डावाच होता, लक्षात आलं?

आणि हे नुकसान एकदम बहिरं करत नाही. आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात. स, श, च, फ. हाक ऐकू येते, शब्द कळत नाही. बाजारात ‘साठ’ म्हटलं की ‘आठ’ ऐकू येतं. भरतीची तयारी करणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी: सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत सहा मीटरवरून कुजबुजल्यासारखं बोलतात आणि एकेका कानाने वेगवेगळं ऐकू यावं लागतं. ज्या फायरिंगच्या जोरावर सर्टिफिकेट मिळवलं, त्यातच कान गेला तर काय करायचं?

मग घालायचं काय?

सगळ्यात आधी फोमचे प्लग. मेडिकलमध्ये, सेफ्टीच्या दुकानात, चहा-भजीच्या पैशात जोडी मिळते. नीट घातले तर भल्याभल्या महागड्या प्लगना भारी पडतात. पण ‘नीट’ म्हणजे काय? बोटांत वळून वातीसारखे बारीक करायचे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सारायचा आणि वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा, फुगेपर्यंत. बहुतेक जण तो बुचासारखा नुसता तोंडाशी टेकवतात. बाहेर अर्धा लोंबतोय म्हणजे काम झालेलं नाही.

मग मापाचे प्लग कुणासाठी? जो आठवड्यातून दोन-तीनदा रेंजवर जातो त्याच्यासाठी. आणि रायफलवाल्यांसाठी तर खास. डोक्यावरचे इअरमफ चांगले, पण गाल दस्त्याला टेकला की मफ दस्त्यावर आपटतो आणि खालून फट पडते. चष्म्याची काडी असेल तर आणखी एक फट. त्यात आपला मे महिना. जळगावात पारा ४४-४५ ला गेल्यावर मफच्या आत घामाची तळी साचतात आणि माणूस ‘जरा हवा लागू दे’ म्हणून नेमका शेजारच्याने ट्रिगर दाबताना मफ उचलतो. पाहिलंय मी.

स्वप्नील कुसाळे आठवतोय ना? आपल्या भुसावळला जी मध्य रेल्वे आहे, तिच्यातलाच तेव्हाचा तिकीट तपासनीस. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक. त्याचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन: गुडघ्यावर, पोटावर, उभं राहून. पात्रता फेरीतच साठ शॉट, प्रत्येक वेळी गाल दस्त्याला. आणि ती रायफलही पॉइंट टू-टूच. आता सरावाचे शॉट मोजा. वर्षाला हजारोंनी होतात.

मापाचे प्लग बनवायला पुणे-मुंबई गाठायलाच हवं असं नाही. जिथे श्रवणयंत्र बसवतात तिथे कानाचा मोल्ड घेतातच. जळगाव-धुळ्यात ऑडिओलॉजिस्ट आहेत, दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, कान-नाक-घसा ओपीडीत चौकशी करता येते. आधी आत बघून मळ काढतात. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर माप घ्यायचंच नाही, आधी उपचार. मग दोरा बांधलेला छोटा फोमचा बोळा पडद्याच्या अलीकडे ठेवतात, म्हणजे मसाला आत जात नाही. मग सिलिकॉनचा लगदा पिचकारीने भरतात. गार लागतं, समुद्रात बुडाल्यासारखं वाटतं. चार-पाच मिनिटांत घट्ट होतो, काढतात, लॅबला पाठवतात. ऑनलाइन घरगुती किट मिळतात, ती नको. तो बोळा स्वतःच्या कानात स्वतः बसवता येत नाही.

इथे माझी चूक सांगते. माझी पहिली जोडी फुकट गेली. माप घेताना मी तोंड मिटून शहाण्यासारखी बसले होते. प्लग आले, दिसायला सुंदर. पण रेंजवर गाल दस्त्याला लावला, जबडा हलला, आणि प्लग सैल. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा मी दातांत ठोकळा धरून, तोंड उघडं ठेवून माप दिलं. काही हजार रुपये दोनदा गेले. एका केसाएवढ्या फटीतून अर्धं संरक्षण गळतं. तेव्हा ब्रँड विचारू नका, फट विचारा.

अजून एक. श्रवणयंत्राच्या मोल्डला हवेसाठी बारीक भोक ठेवतात. लॅबला स्पष्ट लिहून द्या: बंदुकीच्या आवाजासाठी, भरीव, भोक नको. पोहण्याचे मोल्डही असेच दिसतात, संगीतवाल्यांचे फिल्टरवालेही. त्यांच्यावर बंदुकीचा भरवसा ठेवू नका. बंदुकीसाठी वेगळा फिल्टर येतो, ज्यात बोलणं बऱ्यापैकी ऐकू येतं आणि झटका अडतो. उघड्या मैदानावर तो सोयीचा. बंद हॉलमध्ये मोठ्या बोअरला मी भरीव प्लग आणि वर मफ, दोन्ही घालते. दोन्हींची बेरीज होत नाही हं, जो भारी असेल त्यावर साधारण पाच डेसिबलच वाढतात. पण १६० ला तेही हवेत. इलेक्ट्रॉनिक प्लग शिकारीच्या व्हिडिओत छान दिसतात, पण आंतरराष्ट्रीय नेमबाजीच्या नियमात खेळाडूला आवाज पकडणारं यंत्र असलेलं कानाचं साधन चालत नाही. स्पर्धेला जायचं असेल तर त्यात पैसे घालू नका.

पाकिटावरच्या एनआरआर आकड्यावर पण जाऊ नका. ३० लिहिलेलं असलं तरी तो प्रयोगशाळेतला आकडा, प्रत्यक्षात अर्धा धरा. त्यापेक्षा प्लग हातात आले की ऑडिओलॉजिस्टला सांगा: साउंडप्रूफ खोलीत स्पीकरवरून आधी उघड्या कानाने तपासा, मग प्लग घालून. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या कानाचा खरा आकडा. दोन कानांचा वेगळा निघाला तर जोडी परत करा, लाजू नका.

अठराच्या आतल्यांनी मापाचे प्लग बनवू नका असं माझं मत. कान अजून वाढतोय, वर्षा-दोन वर्षांत सैल होतील. तुम्ही फोम आणि मफ वापरा. मोठ्यांनीही दर तीन-चार वर्षांनी, किंवा वजन बरंच कमी-जास्त झालं तर, पुन्हा तपासून घ्या. साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, पूर्ण वाळवून डबीत ठेवा. घामट कानात ओला प्लग म्हणजे बुरशीला आमंत्रण.

वरणगावच्या आयुध निर्माणीत १९६० च्या दशकापासून काडतुसं बनतात. म्हणजे जिल्ह्यात गोळीचा आवाज काही परका नाही. तरी एनसीसीतल्या पोरांच्या किटमध्ये बूट, बेल्ट, बेरेट सगळं असतं आणि प्लग नसतात. तुम्ही सीनियर असाल तर कॅम्पला जाताना फोमच्या जोड्यांचा एक डबाच घेऊन जा.

शेवटी तो नेहमीचा प्रश्न: प्लग घातल्यावर ‘फायर’ची ऑर्डर कशी ऐकू येणार? येते. उस्तादांचा आवाज तुम्हाला माहीत आहे. आणि नाहीच आली तर शेजाऱ्याकडे बघून चालवायची नाही, हात वर करायचा. दोन शिव्या बसतील. त्याही ऐकू येतात.