किटलीचा खटका

विजेच्या किटलीत पाणी भरून खटका दाबला की आपण दुसऱ्या कामाला लागतो. उकळी फुटली की ‘टक्’ आवाज येतो आणि किटली आपोआप बंद होते. हे कसं घडतं, ते आज सांगतो.

पुष्कळांना वाटतं, किटली पाण्याचं तापमान मोजत असते. तसं नाही, ती वाफेची वाट पाहते. झाकणाखाली, मुठीच्या बाजूला आतून डोकावून बघा; बहुतेक किटल्यांना तिथे एक बारीक फट असते. उकळल्यावर वाफ तिच्यातून आत शिरते आणि एका पातळ चकतीपर्यंत पोचते. दोन वेगवेगळ्या धातूंचे पत्रे एकमेकांना जोडून ही चकती केलेली असते. तापल्यावर एक पत्रा जास्त फुगतो, दुसरा कमी. त्या ओढाताणीत चकती झटकन उलटी वळते आणि खटका पडतो. रसेल हॉब्ज या ब्रिटिश कंपनीने १९५५ च्या सुमारास अशी किटली बाजारात आणली. इतकी साधी आणि इतकी भरवशाची युक्ती घरात दुसरी क्वचितच सापडेल. महाबळेश्वरला उंचीमुळे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. तिथेही किटली बरोबर बंद होते, कारण तिला हवी असते ती वाफ.

म्हणूनच झाकण उघडं ठेवू नका. वाफ बाहेर निघून जाते, चकती थंडच राहते आणि पाणी आटेपर्यंत उकळत राहतं. बुडाशी कोरड्या किटलीसाठी वेगळं संरक्षण असतं, पण रोज त्याच्यावर विसंबू नये.

आपला चहा दुधाचा, त्यामुळे हॉस्टेलमधली मुलं किटलीतच दूध, साखर, पावडर सगळं उकळतात. मुलांनो, कृपा करून हे टाळा. दूध बुडाला लागतं, उतू जाऊन त्या फटीत शिरतं आणि वाफेची वाट बुजते. किटलीत फक्त पाणी, तेही वरच्या खुणेपर्यंतच.

दीड हजार वॅटची किटली साडेसहा अँपिअर वीज ओढते. तिला १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच द्या, साधा एक्स्टेन्शन बोर्ड नको.

बोअरच्या पाण्याने तळाशी पांढरा थर साचतो. तो खरवडू नका. अर्ध्या किटली पाण्यात दोन लिंबं पिळून उकळी आणा, अर्धा तास तसंच ठेवा. थर सुटला की साधं पाणी दोनदा उकळून ओतून द्या, आणि मग चहाचं पाणी ठेवा.